कपाटामागची जागा

आमच्या जुन्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या पावसाळ्यापासून एकच वाद धुमसतो आहे. ग्रंथालयाच्या तळमजल्यावरील दालनातून पुस्तकांची कपाटे हलवावीत आणि तेथे स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी चोवीस तास उघडी राहणारी वातानुकूलित अभ्यासिका करावी, असा प्रस्ताव संस्थेपुढे आला आहे. प्लायवुडच्या कप्प्यातील एका खुर्चीसाठी मुले खासगी अभ्यासिकांना दरमहा पैसे मोजत असताना आपले दालन संध्याकाळी कुलूपबंद का असावे, असे एक पक्ष विचारतो. ग्रंथालय पुस्तकांसाठी असते, गाइडे घोकणाऱ्यांना वर्ग मोकळे आहेत, असे दुसऱ्याचे म्हणणे. त्यात हलवायच्या कपाटांत पहिला क्रमांक मराठीचा आहे हे कळले आणि वादाला बेळगावात लागायचे ते वळण लागले; १९५६ पासूनचा सीमाप्रश्न दोन दिवसांत गटावर पुन्हा मांडून झाला. मग कोणीतरी मला विचारले, ‘तुमच्या तिकडे कसं असतं?’

मी अकरा वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये लीड्सला शिकायला आलो आणि नोकरीनिमित्त येथेच राहिलो. येथील विद्यापीठात ब्रदर्टन नावाचे ग्रंथालय आहे. १९३६ साली उघडलेले, वर्तुळाकार, वर घुमट आणि भोवती हिरव्या संगमरवराचे खांब. पहिल्या सत्रात मी रोज त्या घुमटाखालीच बसत असे, कारण अभ्यास अशाच जागी होत असणार, असा माझा समज होता. तेथील शांतता मात्र इतकी ताणलेली असे की कोणी दप्तराची चेन उघडली तरी आसपासच्या माना वर होत. तेथे माझे वाचन उत्तम होई, परंतु लिहायला बसलो की एकेक वाक्य खोडण्यात तास जाई. अखेर १९७५ च्या एडवर्ड बॉइल ग्रंथालयातील एक अगदी सामान्य टेबल मी धरले. त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या रांगा होत्या आणि मागून अधूनमधून कोणीतरी पुस्तक शोधत जाई. प्रबंधाची तीन प्रकरणे तेथे लिहून झाली. संख्याशास्त्राची उदाहरणे सोडवायची असली की आम्ही चौघे २०१५ मध्ये उघडलेल्या लेडलॉ ग्रंथालयात जात असू, कारण तेथे मोठ्याने बोलून चुका काढण्याची मुभा असलेली टेबले होती. एकाच विद्यार्थ्याला एकाच आठवड्यात तीन प्रकारच्या जागा लागतात, हे मला कोणी शिकवले नव्हते आणि आमच्या गटावरील वादातही त्याचा उल्लेख अजून आलेला नाही. तेथे मोजल्या जातात त्या फक्त खुर्च्या.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील त्या वेळचा नियम वाचकांना ठाऊक असेल: दप्तर बाहेर ठेवायचे, स्वतःचे पुस्तक आत न्यायचे नाही आणि ओळखपत्र जमा करून एका वेळी एकच पुस्तक घ्यायचे. वाचता वाचता टिपणवही आणि दुसरे पुस्तक शेजारी उघडे ठेवण्याची सवय आम्हाला लागलीच नाही. आज घोकणारी मुले म्हणून ज्यांना हिणवले जाते, त्यांना संदर्भ घेऊन अभ्यास करण्याची जागा आपण कधी दिली होती, हा प्रश्न दुसऱ्या पक्षाने स्वतःला विचारावा, असे मला वाटते.

आता आवाजाविषयी. १९७६ साली कोल आणि वेल्श या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना अक्षरांच्या माळा क्रमाने लक्षात ठेवायला सांगितल्या आणि त्याच वेळी त्यांच्या कानावर जर्मन भाषेतील उतारा घातला. त्यातील अर्थ कळत नसूनही त्यांच्या चुका वाढल्या. पुढील प्रयोगांत असेही दिसले की समजून वाचायचे असेल तर ओळखीच्या भाषेतील बोलणे अधिक अडथळा आणते, आणि एकसुरी, न बदलणारा आवाज मात्र फारसा त्रास देत नाही. बेळगावच्या दृष्टीने हे गमतीचे आहे. व्हरांड्यात चौघे उभे राहिले की मराठी, कानडी, हिंदी आणि एखाद्या वेळी कोकणीही ऐकू येते, आणि आपले दुर्दैव असे की आपल्याला ती सगळीच कळते. म्हणजे व्हरांड्याकडील खुर्ची फुकट मिळाली तरी महागात पडते. याउलट दालनातील जुना घरघरणारा पंखा, ज्याच्या जागी वातानुकूलन यंत्र हवे असा आग्रह आहे, तो अभ्यासाचा शत्रू नाही. त्याच्या थेट खाली बसले तर पाने उडतात, एवढेच.

याच कारणाने कपाटे हलवण्याला माझा विरोध आहे आणि त्याचा मराठीच्या अभिमानाशी संबंध नाही (अभिमान आहेच, पण तो येथे काढण्याची गरज नाही). त्या दालनात शहाबादी फरशी आहे, भिंती उघड्या आहेत आणि छत उंच आहे. पडलेल्या पेनाचा आवाज तेथे घुमत नाही तो कपाटांमुळे, कारण पुस्तकांनी भरलेले कपाट आवाज शोषते, पसरवते आणि समोरून येणाऱ्याजाणाऱ्याला आडही करते. ती काढून प्लायवुडचे कप्पे ठोकले की शेजारचा दिसणार नाही, पण त्याची कुजबुज चांगली ऐकू येईल.

परदेशाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. परीक्षेच्या दिवसांत येथेही खुर्चीवर जाकीट टाकून माणूस तीन तास गायब होतो आणि रात्री दोन वाजता अभ्यास करणाऱ्यांपेक्षा टेबलावर डोके टेकून झोपलेलेच अधिक दिसतात. शिवाय येथील विद्यार्थी बहुधा चालत घरी जाण्याच्या अंतरावर राहतो. माझी भाची खानापूर तालुक्यातून बेळगावला कॉलेजला येते. तिला मी चोवीस तासांच्या अभ्यासिकेविषयी विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘मामा, उघडी ठेवतील, खरं आमची वस्तीची गाडी साडेसहाला सुटती. रात्री बारा वाजता मी तिथं बसून काय करू?’ तिचा अभ्यास सकाळच्या पहिल्या गाडीने उतरल्यापासून पहिल्या तासापर्यंत होतो. नेमके त्याच वेळी ग्रंथालयाला कुलूप असते आणि ती जिन्यात बसून वाचते. रात्री उघडे ठेवण्यासाठी पहारेकरी, वीज आणि यंत्रे यांवर होणाऱ्या खर्चाच्या थोड्या भागात सकाळी सात वाजता दार उघडणारा एक माणूस ठेवता येईल.

म्हणून मी गटावर एवढेच लिहिले की कपाटे तेथेच राहू द्यावीत. त्यांच्यामध्ये खिडकीच्या बाजूला एकेकट्या टेबलांची रांग लावावी, डाव्या हाताने उजेड येईल अशी. स्वतःचे पुस्तक आत नेण्यास परवानगी द्यावी. मागचा जो वर्ग नाहीतरी मोडक्या बाकांनी भरलेला आहे, तो साफ करून बोलून अभ्यास करणाऱ्यांना द्यावा. आणि दार सातला उघडावे. त्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले की मग एकूण खुर्च्या किती होतील. भाचीने मात्र वेगळाच प्रश्न पाठवला: मराठीच्या तिसऱ्या कपाटामागे, पारिजातकाच्या बाजूला खिडकीशी एक स्टूल पडून आहे, तिथे टेबल लागणार असेल तर ते आधी कोणाला मिळेल?