कशावरून?

न्यू जर्सीत माझी मुलगी तिसरीत असताना एकदा तिच्या वर्गात बसले होते. भिंतीवर एक चित्र, समोर जमिनीवर मांडी घातलेली मुलं. बाईंचे प्रश्न तीनच. चित्रात काय चाललंय? असं तुला कशावरून वाटलं? आणखी काय दिसतंय? उत्तर त्यांनी एकदाही सांगितलं नाही. ही पद्धत अबिगेल हाउसेन आणि फिलिप येनावाइन यांनी बसवलेली. लहान मुलांशी तत्त्वचिंतन करता येतं, हा विचार तर याच राज्यात रुजला. तत्त्वज्ञ मॅथ्यू लिपमन यांनी १९७४मध्ये माँटक्लेअरला त्यासाठी संस्था काढली. त्यांचं साधन चित्रं नव्हतं, गोष्टी होत्या.

दिवाळीत बडोद्याला गेले तेव्हा हे घरी सांगितलं आणि वाद पेटला. पुतण्याच्या शाळेत परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जातो, आणि वहिनीला ते योग्यच वाटतं. २०२०च्या शैक्षणिक धोरणात कलेतून शिक्षणावर भर आहे, पण तिच्या वाट्याला त्यातून आलं ते रात्री अकरा वाजता थर्मोकोल कापणं. तिचा राग मला पटतो. दादाचं म्हणणं वेगळं : "तुमच्याकडे वर्गात वीस मुलं, इथे पन्नास. आणि ‘कशावरून’ विचारायला शिकला, की उद्या मलाच विचारेल." विचारू दे ना, दादा!

दुसऱ्या दिवशी पुतण्याला घेऊन कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात गेले. चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात तिथल्या भिंतींवर चित्रं रंगवली. माझं सगळं बालपण बडोद्यातच, दांडिया बाजारात गेलं, तरी शाळेनं आम्हाला तिथे एकदाही नेलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. अभिमन्यूच्या युद्धासमोर तो थबकला. गोष्ट त्याला आजीकडून ठाऊक होती. म्हणाला, "आत्या, इतक्यांनी मिळून एकट्याला मारलं, मग त्यांना महारथी का म्हणायचं?" उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि विचारलं, "इतक्यांनी, हे चित्रात कशावरून दिसतं?" तो मागे सरकला, पुन्हा पाहिलं, बोटानं माणसं मोजू लागला. मग स्वतःच म्हणाला, "पण नियम कोणी ठरवले होते?"

माझ्या मुलीच्या वर्गात मुलं मोकळेपणानं बोलतात, ते मला फार आवडतं. मात्र तिथे प्रत्येक मताला "छान!" मिळतं, आणि "कशावरून" हळूहळू मागे पडतं. बडोद्याच्या मुलाकडे आजीची गोष्ट असते, म्हणून तो चित्रापाशी येतो तोच न्याय-अन्यायाचा प्रश्न घेऊन. त्याला हवा असतो तो गप्प राहू शकणारा मोठा माणूस.

आणि भाषा. आमचा पुतण्या घरी मराठी, गल्लीत गुजराती, वर्गात इंग्रजी बोलतो. त्या दिवशी तो इतका बोलला, कारण मराठीत बोलत होता. वर्गात हाच प्रश्न इंग्रजीत मांडायचा असता, तर तो गप्प बसला असता आणि आपण समजलो असतो की याला काही सुचत नाही. पन्नासांच्या वर्गातही एक चित्र लावून दहा मिनिटं देता येतात. उत्तर कुठल्याही भाषेत चालेल, एवढं बाईंनी आधी सांगावं. सयाजीरावांनी १९०६मध्ये प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचं केलं, तेव्हाही वर्ग लहान नसणार.

दादाला कालच फोन केला. रविवारी पुतण्याला रावपुऱ्यात तांबेकर वाड्यात घेऊन जा, म्हटलं. तिथल्या भिंतींवरच्या चित्रांत महाभारतही आहे आणि मराठे-इंग्रजांची लढाईही. तो विचारेल त्याचं उत्तर लगेच देऊ नकोस. घरी आल्यावर मला कळव, त्यानं काय विचारलं ते.