मानपानाचा प्रोग्राम

चुलतभावाचं लग्न ठरलं, त्याच्या थोरल्या मामाच्याच मुलीशी. काकांनी मानपानाची यादी माझ्या गळ्यात मारली. "तू कम्प्युटरवाला न्हवं? मग वहीत कशाला लिवायचं?" कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लहानशा ऑफिसात मी दिवसभर 'जावा' नावाच्या कम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहितो. त्यामुळं भावकीत माझी ओळख 'प्रिंटर दुरुस्त करणारा' अशी आहे. त्यात हे खरंखुरं काम आलं म्हटल्यावर मी हुरळलो.

रात्री गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं दूध पिऊन आलो आणि बसलो. 'पाव्हणा' नावाचा क्लास, म्हणजे माहिती भरायचा साचा, केला. नाव, गाव, मोबाइल, फेटा की टॉवेल-टोपी. त्याचे वारस, म्हणजे त्याचं सगळं आपसूक मिळणारे पोटसाचे, म्हणून 'मामा', 'चुलता', 'सासरा' काढले. क्लास आणि वारसा या गोष्टी नॉर्वेच्या डाल आणि न्यूगॉर यांनी सिम्युला ६७ या भाषेत आणल्या, पण त्यांना मामाच्या मुलीशी लग्न लावायचं नव्हतं. आमचा थोरला मामा अक्षता पडल्या की सासरा होणार, आणि मामाही राहणारच. जावात 'मामा'च्या साच्यातून जन्मलेला ऑब्जेक्ट, म्हणजे त्यातला एकेक माणूस, मरेपर्यंत मामाच. दोन्ही एकदम व्हावं तर तिथं एका क्लासला बाप एकच चालतो.

मग प्रोलॉग ही दुसरी भाषा आठवली, कॉलेजात ओरलपुरती वाचलेली. १९७२ च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्सेत आलाँ कोल्मेरोए यांच्या गटानं माणसांची भाषा यंत्राला कळावी या खटपटीत ते तयार केलं. त्यात काम कसं करायचं ते सांगायचं नसतं, खरं काय आहे तेवढं सांगायचं. ही याची आई, तो तिचा भाऊ, आणि आईचा भाऊ तो मामा. पुढचं शोधणं त्याचं त्यानं करायचं. एक वाट अडली की मागं येऊन दुसरी धरतं, गणपतीत महाद्वार रोडच्या आसपास रिक्षावाले करतात तसं.

ठरलं. माणसं जावात, नाती प्रोलॉगमध्ये, मधे दोघांना जोडणारा जेपीएल नावाचा पूल. पोर्तुगालच्या पावलो मोरा यांनी १९९८ मध्ये लॉगटॉक नावाची भाषा काढली, त्यात प्रोलॉगचे नियमच ऑब्जेक्टच्या घरात नांदतात. शहाण्यानं तेच घेतलं असतं. मला जावा सोडवेना.

पहिला नियम लिहिला : हा त्याच्या भावकीतला, जर तो ह्याच्या भावकीतला असेल तर. तर्काला धरून वाक्य बरोबर आहे. यंत्र ह्याला विचारायला गेलं, ह्यानं त्याच्याकडं पाठवलं, त्यानं परत ह्याच्याकडं. लॅपटॉपचा पंखा बोंबलायला लागला तरी फेऱ्या चालूच. आमच्या दोन चुलत्यांचं बांधावरनं गेली कित्येक वर्षं हेच चाललंय. "आधी त्यो बोलू दे." "न्हाई, आधी त्यो."

दुसरा नियम पत्रिकेचा. रुसलेल्या पाव्हण्याकडं घरी जाऊन पत्रिका द्यायची, न रुसलेल्याला व्हॉट्सॲपवर. आता प्रोलॉगचा खाक्या असा की जे सिद्ध होत नाही ते खोटं. अमका रुसलाय अशी नोंद नाही, म्हणजे तो रुसलेला नाही. पण आमच्याकडं रुसवा नोंदवून ठेवतंय कोण? तो जेवायच्या पंगतीत कळतो. यंत्रानं सगळी भावकी खूश असल्याचा निर्वाळा दिला, सगळ्यांना व्हॉट्सॲप गेलं, आणि तासाभरात सगळी भावकी रुसली. काका आणि मी तीन दिवस मोटारसायकलवरून घरोघर पत्रिका वाटत फिरलो.

लग्नादिवशी फेटेवाल्यानं कागद बघून विचारलं, "मामाचा फेटा एकच?" मामा चार आहेत. चूक पुलावर झाली होती. प्रोलॉगकडं चारही उत्तरं तयार होती, पण जावाच्या बाजूनं मी फक्त पहिलं मागितलं होतं. पहिलं नाव थोरल्याचं. ते फेटा बांधून मिरवत होते आणि बाकीचे तिघे मांडवाच्या दारात चपला घालून उभे.

आत्या आली. आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो'च म्हणतात. "मामा किती? चार. फेटं किती? चार. मी सांगतो, विषय कट!"

प्रोलॉगमध्येही कट आहे. तो उद्गारचिन्हानंच लिहितात, आणि तो ओलांडला की मागं फिरून दुसरी वाट बघता येत नाही. मी मुकाट्यानं पेनानं तीन नावं वाढवली.

अक्षता पडल्या. सकाळपर्यंत मला "काय रं" म्हणणारे थोरले मामा फेटा सावरत जवळ आले. "पाव्हणं, मामाचा मान मिळाला. सासऱ्याचा फेटा कुठं हाय?"