"नीट नुसतं नाटक, सीट तर आधीच विकलेल्या" हे साफ खोटं आहे

नाशिकच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल, की एमबीबीएसला नीट (मेडिकल प्रवेशाची देशभरातली परीक्षा) नावापुरती असते, बारावीला ९० टक्के लागतात, म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठात ओळख पाहिजे आणि सीट मॅनेजमेंट कोट्यातून आधीच बुक करावी लागते. चारही गोष्टी चुकीच्या आहेत आणि यापायी लोकांचे पैसे बुडतायत म्हणून लिहितोय.

बारावीचं आधी, ते सोपंय. फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी मिळून ओपनला ५० टक्के, राखीव गटांना ४०, इंग्रजीत पास, बस. त्यापुढचे मार्क कोणी बघत नाही, मेरिट लागतं ते नीटच्या ७२० पैकी किती पडले त्यावर. इंटरव्ह्यूसुद्धा नसतो (पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजात असतो, पण तिथेही बोलावतात नीटचे मार्क बघूनच).

म्हसरूळचं म्हणाल तर आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून आपल्याकडे आहे, अभिमान आहेच, पण त्यांचं काम परीक्षा घेणं, कॉलेजांना संलग्नता देणं. राज्याच्या ॲडमिशन करते मुंबईची सीईटी सेल, म्हणजे राज्य सरकारचा प्रवेश कक्ष, आणि सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के ऑल इंडियाच्या सीटा केंद्राची कौन्सेलिंग कमिटी (एमसीसी) भरते. रँक, कॅटेगरी आणि तुम्ही भरलेले प्रेफरन्स, यावरच सीट लागते. नाशिकच्या पोरांना नाशिकचं कॉलेज असा कोटा पण नाही, पूर्वी ७०-३० होतं (७० टक्के सीटा त्या विभागातल्या मुलांना, ३० बाकी राज्याला) तेही विभागाचं, जिल्ह्याचं नाही, आणि २०२० ला तेही रद्द झालं.

आता मॅनेजमेंट कोटा, खरी गोम इथे आहे. खाजगी कॉलेजात, मग ते आपल्या आडगावचं असो की धामणगावचं, १५ टक्के सीटा इन्स्टिट्यूशनल (लोक ज्याला मॅनेजमेंट म्हणतात तोच) आणि एनआरआय कोट्याच्या असतात हे खरं. पण नीट क्वालिफाय तिथेही लागतं आणि नंबरही नीटच्या मेरिटनेच लागतो. फी मात्र कितीतरी पट, त्यामुळे मागणारेच कमी, म्हणून कटऑफ खाली येतो आणि लोकांना वाटतं पैसे देऊन सीट घेतली. चांगल्या रँकचं गरीब पोरगं फीचा आकडा बघूनच तो ऑप्शन टाकत नाही, हा अन्याय आहे, मला मनापासून चीड येते त्याची, त्यावर बोला, भांडा. पण म्हणून रँकशिवाय सीट मिळते असं सांगत सुटू नका.

कारण यावर एजंट जगतात. निफाडकडच्या एका काकांनी मला पावती दाखवली, वहीचं फाडलेलं पान, शिक्का नाही, बॉलपेनने लिहिलेलं "सीट बुकिंग ॲडव्हान्स" आणि खाली न वाचता येणारी सही. द्राक्षाचे पैसे होते ते. मुलीचा नीटचा रिझल्टसुद्धा लागला नव्हता, मग हा माणूस बुक काय करत होता?

धावपळ करायचीच तर कास्ट व्हॅलिडिटी आणि नॉन-क्रीमी लेयरच्या सर्टिफिकेटांसाठी करा, राखीव गटातून ॲडमिशन घेताना ती वेळेत नसली तर हातातली सीट जाऊ शकते. ऑप्शन फॉर्म खऱ्या आवडीच्या क्रमाने भरा. आणि पैसे द्यायचे ते अलॉटमेंट लेटर आल्यावर, कॉलेजच्या नावाने, पक्की पावती घेऊन.