प्रश्न उद्भवत नाही

समजा, उद्या तुम्हाला परराष्ट्रमंत्री केलं. हसू नका, मंत्रिमंडळ विस्ताराच्या आदल्या रात्री भल्याभल्यांना असे फोन आलेले आहेत. आणि समजा, त्याच सुमारास जगात पुन्हा एखादी साथ आली. परदेशात जाऊन काय बोलायचं ते खात्यातले अधिकारी लिहून देतील. पण संसदेत उभं राहून काय बोलायचं नाही, हे ज्याचं त्यालाच शिकावं लागतं. २०२० ते २०२२ या काळात त्याचा उत्तम वस्तुपाठ आपल्याला मिळालेला आहे. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर हे स्वतः परराष्ट्र सचिव राहिलेले, चीन आणि अमेरिका दोन्हीकडे राजदूत म्हणून काम केलेले. त्यांना कुणी शिकवणी लावावी लागली नाही. तुमची गोष्ट वेगळी आहे, म्हणून हा प्रपंच.

सगळ्यात आधी दिनदर्शिका पाहा. उत्तर कसं द्यायचं ही पुढची गोष्ट. प्रश्न विचारायला सभागृह भरलेलं आहे का, हे आधी बघायचं. मार्च २०२० मध्ये अर्थसंकल्पी अधिवेशन २३ तारखेला आटोपलं. पावसाळी अधिवेशन १४ सप्टेंबरला सुरू झालं, त्यात प्रश्नोत्तराचा तास काढून टाकला होता. आयत्या वेळचे विषय मांडायचा शून्य प्रहर अर्ध्या तासाचा झाला. सदस्यांना दूरदूर बसवलं होतं, लोकसभेचे काही खासदार राज्यसभेत आणि राज्यसभेचे लोकसभेत. १ ऑक्टोबरपर्यंत चालायचं ते अधिवेशन २३ सप्टेंबरलाच संपलं. हिवाळी अधिवेशन झालंच नाही. २०२१ चं अर्थसंकल्पी अधिवेशन निवडणुकांमुळे २५ मार्चला गुंडाळलं. पुढचं अधिवेशन उजाडलं १९ जुलैला. मधल्या एप्रिल-मेमध्ये देशात काय चाललं होतं ते तुम्हाला सांगायला नको. रोजच्या रुग्णांचा आकडा चार लाखांवर गेला, आणि त्या दिवसांत परराष्ट्रमंत्र्याला संसदेत एकही प्रश्न विचारला गेला नाही. विचारणार कुठे? जुलैत सभागृह भरलं तेव्हा पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरवरून गदारोळ सुरू झाला आणि प्रश्नोत्तराचा तास आरडाओरड्यात जायला लागला. विरोधकांचे उपकार कधी विसरू नयेत.

तरीही प्रश्न येतातच. तेव्हा त्यांची जात ओळखायला शिका. तारांकित प्रश्नाला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि वर उपप्रश्न झेलावे लागतात. तो धोकादायक. अतारांकित प्रश्नाचं उत्तर छापील, कागद पटलावर गेला की विषय संपला. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, म्हणजे एरवीसुद्धा नशीब तुमच्याच बाजूने असतं. सप्टेंबर २०२० मध्ये तर सगळेच अतारांकित. मंत्र्याचा चेहरा दिसत नाही, आवाज फुटत नाही, समोरचा खासदार हसला की रागावला तेही कळत नाही.

आता प्रत्यक्ष उत्तर. नमुन्यादाखल एक प्रश्न मीच तयार करून देतो. "(अ) साथीच्या काळात परदेशांत अडकलेल्या भारतीयांची देशनिहाय संख्या किती, (ब) त्यांच्याकडून परतीच्या तिकिटाचे पैसे घेण्यात आले हे खरे आहे काय, (क) असल्यास, त्याची कारणे काय, (ड) नसल्यास, विलंबाची कारणे काय?" नवशिका मंत्री इथे चार उत्तरं लिहायला बसतो. तुम्ही एकच लिहायचं. सुरुवात अशी करायची: "(अ) ते (ड) :". हा "ते" फार गुणी आहे. त्याच्या पोटात (ब) सुखाने झोपी जातो, कुणाला पत्ताही लागत नाही. त्यापुढे लिहायचं, "परदेशातील भारतीयांचे कल्याण हे सरकारचे सर्वोच्च प्राधान्य राहिलेले आहे." मग मोहिमेचं नाव, मग सुरू झाल्याची तारीख, मग मोठा आकडा. आपल्या विधिमंडळात मुरलेली मंडळी असतील त्यांना "होय", "हे खरे नाही", "हे अंशतः खरे आहे" आणि "प्रश्न उद्भवत नाही" या चार कवायती पाठ असतात. दिल्लीत त्यावर एवढा मुलामा चढवावा लागतो, इतकंच.

मोठा आकडा म्हणजे काय, ते अडकलेल्यांना परत आणण्याच्या वंदे भारत मोहिमेवरून शिका. ७ मे २०२० ला ती सुरू झाली. नौदलाचं जलाश्व हे जहाज मालदीवहून ६९८ जणांना घेऊन कोचीला आलं. विमानांच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. मार्च २०२१ मध्ये मंत्र्यांनी दोन्ही सभागृहांत निवेदन केलं तेव्हा ९८ देशांतून परतलेल्यांची संख्या ४५ लाखांच्या पुढे गेली होती. ही मोहीम लहान नव्हती, हे कुणीही मान्य करावं. अधिकारी दिवसरात्र राबले. म्हणूनच तर तिचा आकडा इतका कामाचा. कुणी विचारलं की विमानाचं भाडं कुणी भरलं, तर सांगा ४५ लाख. कुणी विचारलं की आखातात नोकरी गेलेला खेड-चिपळूणकडचा वेल्डर हे पैसे आणणार कुठून, तर सांगा ९८ देश. पंगतीत आमटी मागणाऱ्याच्या पानात जिलेबी वाढत राहिलं की तो बिचारा आमटी विसरतो. अगदीच हटून बसला तर भारतीय समुदाय कल्याण निधी आहेच, त्यातून गरजूंना मदत केली जाते. किती गरजूंना, हा उपप्रश्न आणि उपप्रश्नाला परवानगी नाही.

लशीचा अध्याय जरा सावकाश वाचा, यात उंची आहे तशी दरीही. २० जानेवारी २०२१ ला पुण्याच्या सीरममध्ये बनलेली कोविशील्ड भूतान आणि मालदीवला निघाली. भूतानला दीड लाख मात्रा, मालदीवला एक लाख. दुसऱ्या दिवशी बांगलादेश आणि नेपाळ. ब्राझीलला लस निघाली तेव्हा तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी संजीवनी घेऊन उडणाऱ्या मारुतीचं चित्र टाकून आभार मानले. परराष्ट्रमंत्र्याच्या आयुष्यात असा आठवडा एकदाच येतो. १७ मार्चला राज्यसभेत निवेदन झालं, ७२ देशांना भारतात बनलेली लस पोचली होती. नऊ दिवसांनी संयुक्त राष्ट्रांत आपल्या प्रतिनिधीने सांगितलं की, भारताने आपल्या लोकांना टोचली त्याहून जास्त लस जगाला दिली. अशी वाक्यं बोलताना हवामानाचा अंदाज पाहायचा असतो. ७ एप्रिलला महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री राजेश टोपे सांगत होते की राज्यात तीन दिवसांचा साठा उरलाय, आणि एप्रिलअखेर मुंबईतली लसीकरण केंद्रं तीन दिवस बंद ठेवावी लागली. ज्या राज्यात लस बनते त्याच राज्यात लसीकरण केंद्राच्या दाराशी "लस उपलब्ध नाही" असा कागद चिकटवलेला. मुंबई-पुण्याच्या लोकांनी तो कागद उन्हात उभं राहून वाचलाय.

तरीही घाबरायचं नाही. निर्यात थांबेपर्यंत बाहेर गेलेल्या सहा कोटींहून जास्त मात्रांपैकी भेट म्हणून दिलेल्या सुमारे एक कोटीच होत्या. बाकीच्या पैसे घेऊन विकलेल्या किंवा गरीब देशांना लस पुरवणाऱ्या कोव्हॅक्स या जागतिक योजनेतून गेलेल्या. याचा उपयोग दुहेरी आहे. टाळ्या वाजत असतील तेव्हा एकूण आकडा सांगायचा. दगड पडायला लागले की भेटीचा आकडा सांगायचा आणि वर "व्यावसायिक करार कंपनीचे होते" असं जोडायचं. एकाच तक्त्यातले दोन रकाने दोन ऋतूंत कसे वापरावेत याचा याहून चांगला धडा मिळणार नाही. फक्त एक गोष्ट टाळा, शेजाऱ्यांविषयीचा उपप्रश्न. बांगलादेशाने सीरमशी तीन कोटी मात्रांचा सौदा केला होता. खरेदीपैकी ७० लाख हातात पडले आणि पुढचं थांबलं, मग ते चीनकडे वळले. भूतानने भारतातून आलेल्या लशीचा पहिला डोस मोठ्या उत्साहाने लोकांना दिला आणि दुसऱ्याची वाट पाहत बसला. शेवटी जुलैत अमेरिकेने पाठवलेल्या मॉडर्नावर भागवावं लागलं. "शेजारी प्रथम" या धोरणावर प्रश्न आला तर धोरण कायम आहे, असं सांगावं. ते खरंच आहे, धोरण कुठेही गेलेलं नाही.

सभागृह बंद असताना उत्तरं द्यायला ट्विटर (आताचं एक्स) असतं, पण तिथे सांभाळून. मे २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत दिल्लीतल्या फिलिपिन्सच्या दूतावासात युवक काँग्रेसने ऑक्सिजनचं सिलिंडर पोचवलं. त्यावर परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केलं की खात्याने चौकशी केली, दूतावासात एकही कोविड रुग्ण नव्हता, हा न मागता केलेला पुरवठा आणि स्वस्त प्रसिद्धीचा प्रकार. परराष्ट्र खातं कधी झोपत नाही, असंही सुनावलं. पाठोपाठ न्यूझीलंडच्या उच्चायुक्तालयाने युवक काँग्रेसकडेच उघड ट्वीट करून सिलिंडर मागितलं, मग ते ट्वीट काढून टाकलं आणि खेद व्यक्त केला. परक्या देशाचा वकील आपल्या राजधानीत विरोधी पक्षाच्या पोरांकडे ऑक्सिजन मागतो, हे परराष्ट्र धोरणाच्या कोणत्या प्रकरणात बसवायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर मंत्रिपद तुमचंच.

मग मदत येऊ लागली. २००४ च्या त्सुनामीपासून आपण परदेशी मदत नको म्हणत आलो होतो. २०१८ च्या केरळच्या पुरातही नाहीच म्हटलं. २७ एप्रिल २०२१ ला ब्रिटनहून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर उतरले आणि तो नियम गेला. आता यावर प्रश्न आला तर धोरण बदललं असं चुकूनही म्हणू नका. आपण मदत दिली होती, आता घेतोय, असं तेव्हाच्या परराष्ट्र सचिवांनी सांगितलं, तोच धागा धरा. केनियाने मेअखेरीस १२ टन चहा, कॉफी आणि शेंगदाणे पाठवले, महाराष्ट्रातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना वाटण्यासाठी. समाजमाध्यमांवर काही शहाण्यांनी त्याची टिंगल केली. केनियाने इथल्या डॉक्टर-नर्सेससाठी जे घरचं होतं ते पाठवलं, यात हसण्यासारखं काय होतं ते त्यांनाच ठाऊक. तुम्ही मात्र टिंगलही करू नका आणि मदत करणाऱ्या देशांच्या परिशिष्टातून केनिया गाळूही नका. अमेरिकेच्या खाली, कुवेतच्या आसपास कुठेतरी ठेवा.

खात्यांच्या सीमा पाठ करा. एप्रिल २०२० मध्ये मरेला डिस्कव्हरी ही क्रूझ मुंबईसमोर येऊन थांबली होती. जहाजावर आपलेच खलाशी, त्यांत गोव्याचेही, आणि समोर मुंबई दिसतेय पण उतरता येत नाही. ते २३ एप्रिलला उतरले. हा विषय नौवहन खात्याचा, परवानगी गृह खात्याची, तपासणी आरोग्य खात्याची. परराष्ट्र खात्याचा संबंध काय? जहाज तर भारताच्या दारात होतं. चीनमधल्या विद्यार्थ्यांचंही तसंच. २३ हजारांच्या आसपास मुलं, बहुतेक वैद्यकीय शिक्षण घेणारी, २०२० मध्ये घरी आली आणि व्हिसा बंद झाल्याने अडकली. प्रत्येक अधिवेशनात प्रश्न आला आणि प्रत्येक वेळी उत्तर गेलं की हा विषय चीनकडे विविध पातळ्यांवर मांडण्यात आला आहे. मुलं ऑनलाइन शिकत राहिली, आणि नुसत्या ऑनलाइन शिक्षणाला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग मान्यता देणार नव्हता. पण तो आयोग आरोग्य मंत्रालयाचा! ऑगस्ट २०२२ मध्ये चीनने व्हिसा पुन्हा सुरू केले. ज्या पातळ्यांवर विषय मांडला होता त्यांतली नेमकी कोणती फळली, हे कुणी विचारलं तर सर्व.

कनिष्ठ मंत्री हवेतच. त्या काळी बरीचशी उत्तरं राज्यमंत्री व्ही. मुरलीधरन यांच्या नावाने जायची. केरळचे हे गृहस्थ राज्यसभेवर महाराष्ट्रातून गेलेले होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे. आणि भाषेचा एक धडा शेजारच्या खात्याकडून घ्या. २० जुलै २०२१ ला आपल्या दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार आणि नुकत्याच आरोग्य राज्यमंत्री झालेल्या भारती पवार यांनी राज्यसभेत सांगितलं की, ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी विशेषत्वाने कळवलेलं नाही. नाशिक जिल्ह्याच्याच खासदार त्या, आणि नाशिकच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून २२ रुग्ण गेले त्याला तेव्हा तीनच महिने झाले होते. वाक्य मात्र एकही शब्द न चुकता बरोबर होतं. केंद्राने विचारलं, राज्यांनी कळवलं नाही, केंद्राने तसं सांगितलं. कुठे बोट ठेवणार?

एका गोष्टीत मात्र जपा. "माहिती गोळा करण्यात येत आहे", "विचाराधीन आहे" ही वाक्यं दिसायला गरीब वाटतात, पण शासकीय आश्वासनांची समिती ती आश्वासनं म्हणून नोंदवून घेते आणि पूर्ण केलीत का म्हणून वर्षानुवर्षं मागे लागते. "विषय मांडण्यात आला आहे" हे भूतकाळात असतं. जे होऊन गेलं त्याचं आश्वासन कसलं?

राहिला सगळ्यात अवघड प्रश्न, परदेशात किती भारतीय कोविडने गेले. हा आकडा स्वतःहून निवेदनात घालायचा नाही. तो लेखी विचारला तर लेखी द्यायचा. उत्तरं गेली त्यांत शेवटी तो चार हजारांच्या वर पोचला होता आणि त्यातले निम्म्याहून जास्त आखातातले, सौदी अरेबिया आणि अमिरातीतले सगळ्यात जास्त. तो मुख्य उत्तरात येऊ द्यायचा नाही, परिशिष्टात देशनिहाय तक्ता करून टाकायचा, देश वर्णक्रमाने लावायचे. आणि परिशिष्ट हिंदी व इंग्रजी दोन्ही भाषांत जोडायला विसरू नका, नाहीतर सचिवालयाकडून फोन येतो.