दोन-तीन घरं असलेला माणूस बुडत नाही म्हणे!

घरांचे भाव जरा चढले की एक मजकूर फोनवर हमखास येऊन पडतो. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा: 2008 च्या संकटात अमेरिकेत कर्जं थकून घरं गेली ती ऐपत नसताना कर्ज काढणाऱ्या गरिबांची. ज्यांच्याकडे दोन-तीन घरं होती त्यांना भाड्याने तारलं, आणि फारच ओढाताण झाली तेव्हा एक घर विकून त्यांनी बाकीची राखली. तेव्हा पगारदारांनो, दुसरा फ्लॅट बुक करा. आपल्याकडे तसं काही होणार नाही. मजकूर आत्मविश्वासाने लिहिलेला असतो, म्हणून पुढे पाठवला जातो. त्यातलं एकेक विधान घेऊन बघू.

‘घरं गेली ती गरिबांची’

सुरुवातीला थकली ती सबप्राइम, म्हणजे कमी पत असलेल्यांना दिलेली कर्जं, हे खरं. ती थकण्याचं प्रमाणही शेवटपर्यंत जास्तच राहिलं. पण गोष्ट तिथे संपत नाही. फर्नांडो फेरेरा आणि जोसेफ ग्योर्को या अर्थशास्त्रज्ञांनी 1997 ते 2012 या काळातल्या कर्जांचा माग काढला. या काळात घर गमावलेल्यांत सबप्राइम कर्जदारांपेक्षा प्राइम कर्जदार, म्हणजे चांगली पत असलेले, जवळजवळ दुप्पट निघाले. प्राइम कर्जदार मुळातच संख्येने कितीतरी जास्त होते, हे अर्थात लक्षात घ्यायला हवं. तरीही ‘फक्त गरीब’ हे विधान टिकत नाही.

सरकारने 1977 च्या कायद्याने बँकांना गरीब वस्त्यांत कर्जं द्यायला लावली आणि त्यातून सगळं घडलं, अशी एक पुरवणीही असते. अमेरिकी संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने जानेवारी 2011 च्या अहवालात हे तपासलं. चढ्या व्याजाच्या कर्जांपैकी जेमतेम 6 टक्के कर्जांचा त्या कायद्याशी काही संबंध होता. पुरवणीबद्दल एवढं पुरे.

‘अनेक घरंवाले सुरक्षित राहिले’

इथे मजकूर सपशेल चुकतो. न्यू यॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची शाखा) संशोधकांनी 2011 मध्ये कर्जदारांच्या पत-नोंदी चाळल्या आणि एकाच माणसाच्या नावावर किती गृहकर्जं आहेत ते मोजलं. 2006 मध्ये, तेजीच्या शिखरावर, देशभरात घरखरेदीसाठी दिलेल्या कर्जांपैकी एक तृतीयांशाहून जास्त कर्जं आधीच घर असलेल्यांना गेली होती. अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि नेवाडा या चार राज्यांत तर हा वाटा निम्म्याच्या जवळ पोचला होता. तिथे तीन किंवा अधिक घरं असलेल्यांचा वाटा 2000 पासून जवळपास तिपटीने वाढला होता. भाव सर्वांत जास्त फुगले ते याच चार राज्यांत, आणि सर्वांत जोरात कोसळले तेही इथेच.

पुढे 2017 मध्ये स्टेफानिया अल्बानेसी, जाकोमो दे जॉर्जी आणि जारोमीर नोसाल या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की संकटात थकबाकी वाढली ती मुख्यतः मध्यम पत असलेल्या कर्जदारांत, आणि त्या वाढीतला मोठा भाग अनेक घरं घेतलेल्यांचा होता. जप्तीत गेलेली बहुतेक घरं अनेक घरंवाल्यांचीच होती, असा याचा अर्थ नाही. मात्र संख्येच्या मानाने ते जास्त थकले, आणि भाव घसरू लागल्यावर लवकर थकले.

हे आधी दिसलं का नाही? कारण अनेकांनी कर्जाच्या अर्जावर ‘स्वतः राहण्यासाठी’ असं लिहिलं होतं. राहत्या घराला व्याज कमी आणि स्वतःचे पैसेही कमी घालावे लागतात. कागदावर राहतं घर, प्रत्यक्षात सहा महिन्यांत विकायचा माल. बँका आणि दलालांनीही तपासण्याचे फार कष्ट घेतले नाहीत, कारण कर्ज पुढे विकून टाकायचं होतं.

‘भाडं हप्ता फेडतं’

नेवाडातल्या लास व्हेगासमध्ये 2006 ते 2012 दरम्यान घरांचे भाव 60 टक्क्यांहून जास्त उतरले. तिथल्या किंवा फ्लोरिडातल्या केप कोरलमधल्या अनेक गुंतवणूकदारांनी भाडेकरू ठेवायचा विचारच केला नव्हता. घर घ्यायचं, भाव चढला की विकायचं, एवढाच बेत. भाड्याने द्यायची वेळ आली तेव्हा गल्लीत आणखी दहा घरं रिकामी. त्यातून बरीच कर्जं पहिली काही वर्षं फक्त व्याज भरायच्या अटीवर घेतलेली. सवलतीची मुदत संपली, हप्ता वाढला, आणि नवं कर्ज काढून जुनं फेडायची वाट भावांबरोबरच बंद झाली.

‘अडचण आली की एक विकायचं’

विकणार कुणाला? तीन घरं एकाच शहरात, एकाच तेजीत, एकाच प्रकारच्या कर्जावर घेतली असतील तर ते तीन वेगळे आधार नव्हेत, एकाच फांदीवर टांगलेले तीन झोपाळे आहेत. भाव पडले की तिन्ही घरांची किंमत कर्जाच्या खाली जाते. एक विकायचं तर उरलेली रक्कम खिशातून भरायची.

तेव्हा बऱ्याच जणांनी थंड डोक्याने हिशेब केला आणि हप्ते थांबवले. राहतं घर सोडताना मुलांची शाळा, शेजार, अब्रू हे सगळं आडवं येतं. जिथे आपण कधी झोपलोच नाही ते घर सोडताना यातलं काहीच नसतं. सरकारी मदतही त्यांच्या वाट्याला कमी होती. डिसेंबर 2007 ची करसवलत राहत्या घराच्या माफ झालेल्या कर्जापुरती होती. 2009 ची हप्ते कमी करण्याची योजनाही आधी राहत्या घरांसाठीच होती. भाड्याच्या घरांना ती 2012 मध्ये खुली झाली.

यात ज्याची सर्वांत कमी चर्चा होते तो भाडेकरू. तो दर महिन्याला वेळेवर भाडं देत होता, मालक ते घेऊन हप्ता भरत नव्हता. मग एक दिवस दारावर नोटीस. मे 2009 मध्ये कायदा करून अशा भाडेकरूंना किमान 90 दिवसांची सूचना देणं बंधनकारक करावं लागलं, यावरून प्रश्न केवढा होता ते कळतं.

‘आपल्याकडे तसं होणार नाही’

तसंच्या तसं होणार नाही, हे मान्य. 75 लाखांवरच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँक किमतीच्या 75 टक्क्यांपुढे कर्ज देऊ देत नाही, आणि सप्टेंबर 2013 मध्ये तिने बांधकाम न होताच बिल्डरला सगळी रक्कम देण्याच्या योजनांना लगाम घातला. पण ‘भाडं हप्ता फेडतं’ हे आपल्याकडे तर शांत बाजारातही जमत नाही. समजा 80 लाखांचा फ्लॅट, 60 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, साडेआठ टक्के व्याज: हप्ता साधारण 52 हजार. किमतीच्या 3 टक्के भाडं धरलं तर महिन्याला 20 हजार. उरलेले 32 हजार पगारातून, आणि पहिल्या घराचा हप्ता वेगळा.

हप्ता 90 दिवस थकला की बँकेच्या लेखी खातं अनुत्पादक, म्हणजे थकीत कर्ज (एनपीए) ठरतं. मग कोर्टात न जाता तारण जप्त करू देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस, नंतर ताबा आणि लिलाव. कॅलिफोर्नियात स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या घराच्या खरेदी-कर्जात किल्ल्या परत दिल्या की बँक उरलेली रक्कम मागू शकत नाही. आपल्याकडे अशी मोकळीक नाही. लिलावात कर्ज पूर्ण फिटलं नाही तर उरलेल्या रकमेसाठी बँक कर्जवसुली न्यायाधिकरणात किंवा न्यायालयात जाऊ शकते, आणि अर्जावर सहकर्जदार म्हणून जिची सही आहे त्या बायकोकडूनही ती वसूल करू शकते.