'भैन' म्हटलं तर बिघडलं कुठं?

परवा एका शाळेच्या कार्यक्रमात तिसरीतली एक पोरगी माईकवर म्हणाली, "ही माझी मोठी भैन." मागच्या रांगांत हशा. बाईंनी लगेच दुरुस्त केलं, "भैन नाही गं, बहीण." पोरगी पुढचं सगळं विसरली.

आता गंमत बघा. मूळ संस्कृत शब्द भगिनी. प्राकृतात त्याची भइणी आणि बहिणी अशी दोन्ही रूपं सापडतात. म्हणजे त्या पोरीच्या तोंडात मुळातला भ अजून शाबूत आहे. आपण शुद्धवाल्यांनी त्यातला ह उचलून शेजारी नेऊन ठेवलाय! कोकणीत भयण, पंजाबीत भैण. कुणाकुणाला हसणार? (ण चा न झाला, हे खरं. पण वऱ्हाडात, खानदेशात पाण्याचं पानी होतं, तिथं एकट्या बहिणीनं ण कशाला सांभाळायचा?)

बरं, आपण तरी लिहितो तसं बोलतो का? 'व-हि-नी' अशी अक्षरं सुटी करून हाक कोण मारतं? घाईत सगळे 'वैनी'च म्हणतात, प्रमाणभाषेचे राखणदारसुद्धा. आजी-आजोबा एका घरातले, पण दोघांचा ज वेगळा. आजीचा टाळूला लागतो, आजोबांचा दातांपाशी. भाचा-भाचीच्या च चंही तेच. देवनागरीत हा फरक दिसतच नाही. हिंदी बोलणारी सून घरात येते, आजोबांचा ज आजीसारखा म्हणते, तेव्हा कुठं आपले कान टवकारतात. तिचं मात्र कौतुक, "किती गोड बोलते!" आणि गावाकडची सून सासूला 'माय' म्हणाली की तिला सुधारायची घाई. माय ज्ञानेश्वरीत चालते, स्वयंपाकघरात चालत नाही. मालवणी माणूस आईला आवस आणि बापाला बापूस म्हणतो, त्याचं नाटकात हसू होतं, घरी कुणी करून दाखवावं.

पेपरात बहीण लिहावं, माझी काही हरकत नाही. मार्क तिथं आहेत.

मी स्वतः काही कमी नव्हतो. सहावीत नवं नवं शुद्धलेखन डोक्यात शिरलेलं, तेव्हा आजीच्या मागेच लागलो होतो, "मावसी नाही, मावशी म्हण." दोन-तीन दिवस तिनं मनापासून प्रयत्न केला. मग तिच्या त्या मावशीच्या गोष्टी सांगणंच तिनं बंद केलं.