बिली बोस्टन ‘पैशासाठीच गेला’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखी ती नाही, म्हणून वेगळं आणि जरा लांबलचक लिहितोय. ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी वेल्समधल्या कार्डिफच्या बिली बोस्टनवर लिहिलं होतं, रग्बी लीगचा विंगर म्हणजे मैदानाच्या कडेने पळणारा खेळाडू, 1953 ते 1968 उत्तर इंग्लंडच्या विगन क्लबकडून खेळला. त्यात मी म्हटलं होतं की वेल्सने हा माणूस त्याच्या कातडीच्या रंगामुळे गमावला. त्यावर दादांचं म्हणणं असं की पोरगा पैसे घेऊन गेला, त्याच्यासारखे कितीतरी गोरे वेल्श खेळाडूही गेले, त्याने स्वतः कधी रडगाणं गायलं नाही आणि शेवटी ‘सर’ही झाला, मग मीच का ओढूनताणून वर्णभेद काढतोय.

पैशाचंच आधी घेऊ, कारण तिथे तुमचं म्हणणं वरवर एकदम बिनतोड वाटतं. रग्बीचे दोन तुकडे झाले तेच मुळी पैशावरून. 1895 साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब जमले आणि वेगळे झाले, कारण त्यांचे खेळाडू खाणीत नाहीतर गिरणीत कामाला, शनिवारी मॅच खेळायची म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार बुडणार, तो भरून द्यायला क्लब तयार होते पण लंडनच्या साहेबलोकांना ते चालत नव्हतं. पुढे त्यातूनच तेरा जणांची रग्बी लीग झाली. आणि जुन्या खेळाचे, म्हणजे रग्बी युनियनवाले पुढची शंभर वर्षं, म्हणजे 1995 पर्यंत, ‘आम्ही हौशी’ म्हणत राहिले. लीगचा पैसा घेतला की युनियनचं दार कायमचं बंद. हे ‘कायमचं’ लक्षात ठेवा दादा, कारण लीगला सही करणारा पोरगा एका सहीत आपल्या देशाची जर्सीही सोडून द्यायचा.

आता बघा, तुम्ही ज्या गोऱ्या खेळाडूंचं नाव न घेता उदाहरण दिलंत त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे लुईस जोन्स. 1952 च्या शेवटी लीड्सने त्याला 6000 पाउंड देऊन नेला, तेव्हा केवढी खळबळ उडाली होती. पण जोन्स गेला तेव्हा तो वेल्सकडून खेळून झाला होता, लायन्सच्या, म्हणजे युनियनच्या ब्रिटिश-आयरिश निवडक टीममधून दौऱ्यावर जाऊन आला होता, मानसन्मान पदरात पडला होता आणि मग त्याने ठरवलं की आता पैसे कमवायचे. त्याच्यासमोर दोन ताटं होती, त्याने एक निवडलं. बिली चारच महिन्यांनी, मार्च 1953 मध्ये गेला, वय 18, वेल्सच्या मुख्य टीमची जर्सी अंगावर आलेलीच नाही. कार्डिफच्या पोरांच्या टीममधून तो खेळला, गोदीभागातल्या टायगर बे मध्ये वाढला, तिथल्याच इंटरनॅशनल अ‍ॅथलेटिक क्लबकडून खेळला, नीथकडून खेळला, पण घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर असलेल्या कार्डिफ क्लबने त्याला कधी विचारलंच नाही. आणि त्याचं स्वप्न तेच होतं, कार्डिफ आणि मग वेल्स, हे त्याने स्वतः म्हातारपणी मुलाखतींत सांगितलंय. दोघांनी पैसे घेतले हे खरं, पण दोघं एकाच जागी उभं राहून घेत नव्हते एवढंच माझं म्हणणं आहे.

सहीचा तो प्रसंग मी मूळ लेखात एका वाक्यात उरकला होता, आता सांगतोच. बोस्टन कुटुंब एंजेलिना स्ट्रीटवर राहायचं, बाप सिएरा लिओनचा, आई नेली आयरिश वंशाची कार्डिफची बाई, अकरा पोरं. विगनची माणसं घरी आली आणि त्यांनी टेबलावर पाच पाउंडाच्या नोटा मांडायला सुरुवात केली. तेव्हाची पाचाची नोट म्हणजे मोठा पांढराशुभ्र कागद, त्यांचा ढीग त्या टेबलावर कसा दिसला असेल बघा, ज्या घरात अकरा पोरांना जेवायला घालायचंय तिथे. पोराला जायचं नव्हतं. आईलाही पाठवायचं नव्हतं, म्हणून तिने मुद्दाम 3000 पाउंड मागितले, एवढं ऐकल्यावर ही माणसं आल्या पावली परत जातील या हिशोबाने. ते ‘ठीक आहे’ म्हणाले. आणि नेलीबाई शब्द देऊन बसली होती, त्यामुळे पोराने सही केली. ही गोष्ट बिलीने कित्येकदा सांगितली आहे. हिच्यात तुम्हाला ‘पैशासाठीच गेला’ कुठे दिसतं ते मला खरंच कळलं नाही, मला तर एक आई पैशाला अडवायला गेली आणि पैसाच जिंकला असं दिसतं.

सैन्यात असल्यामुळे ती सही काही काळ गुपित ठेवली होती, आणि त्याच वसंत ऋतूत रॉयल सिग्नल्स या सैन्याच्या तुकडीकडून आर्मी कपच्या फायनलला पठ्ठ्याने सहा ट्राय मारले, ट्राय म्हणजे चेंडू समोरच्या टीमच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवणं. सहा! म्हणजे तो खेळत कसा होता हे कार्डिफवाल्यांना माहीत नव्हतं असंही म्हणायची सोय नाही.

बरं हा एकटाच असता तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच गोदीच्या आसपासच्या गल्ल्यांमधून क्लाइव्ह सुलिव्हन हलला गेला, कॉलिन डिक्सन आणि जॉनी फ्रीमन हॅलिफॅक्सला गेले, त्यांच्याही आधी ब्रिनमॉरचा रॉय फ्रान्सिस विगनला जाऊन 1947 मध्ये ग्रेट ब्रिटनकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. सगळे वेल्सचे, सगळे उत्तरेला. इकडे वेल्सच्या युनियन टीमची लाल जर्सी कृष्णवर्णीय खेळाडूच्या अंगावर यायला 1980 चं दशक उजाडावं लागलं. आणि तिकडे लीगने 1972 मध्ये सुलिव्हनला ग्रेट ब्रिटनचा कॅप्टन केलं होतं, कुठल्याही खेळातला पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश कॅप्टन, आणि त्याने वर्ल्ड कप जिंकून आणला, फायनलला ल्यॉनमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध जवळजवळ अख्खं मैदान पळत ट्राय मारून. तीच गल्ली, तीच पोरं. टायगर बे म्हणजे जगभरच्या खलाशांची वस्ती, सोमाली, येमेनी, वेस्ट इंडियन, आपल्याकडचे लस्कर म्हणजे जहाजांवर राबणारे भारतीय खलाशीही तिथे उतरायचे, राहायचे, त्यामुळे त्या गल्ल्यांबद्दल मला जरा जास्तच जिव्हाळा वाटतो हे कबूल.

‘तो स्वतः कधी बोलला नाही’ हा तुमचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला दादा, राग नाही पण खटकला. बिली स्वभावानेच मवाळ, कुणाबद्दल वाईट बोलायचा नाही, विगनकरांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं आणि तोही तिथलाच झाला, रिटायर झाल्यावर मैदानाजवळच ग्रिफिन नावाचा पब चालवला. एखादा माणूस तक्रार करत नाही म्हणून त्याच्यावर काही गुदरलंच नाही असा हिशोब लावायला लागलो तर जगातल्या निम्म्या अन्यायांची नोंदच व्हायची नाही. आणि घडलेल्या गोष्टी तर नोंदलेल्या आहेत ना. 1957 घ्या. ऑस्ट्रेलियात वर्ल्ड कप झाला, बिली टीममध्ये होता, आणि परतीच्या वाटेवर ग्रेट ब्रिटन आणि फ्रान्सच्या टीम साउथ आफ्रिकेत प्रदर्शनी सामने खेळायला गेल्या. बिली गेला नाही, तिथल्या वर्णभेदाच्या कायद्यांमुळे. जो माणूस तेव्हा टीममधला सगळ्यात मोठा आकर्षणाचा विषय असेल तोच बाहेर, बाकी सगळे मजेत खेळले. हे युनियनने नाही केलं, लीगने केलं. म्हणून सांगतो, मी लीगवाल्यांना संत ठरवत नाहीये, त्यांनीही नेमक्या वेळी त्याची बाजू घेतली नाही, पण निदान त्यांनी त्याला खेळवला.

आणि कसा खेळवला! विगनच्या पहिल्या टीमकडून जेमतेम सहा मॅच झालेल्या असताना 1954 च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्याला निवडला, वय 19, अशा दौऱ्यावर गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, आणि दौऱ्यात 36 ट्राय. त्याच दौऱ्यावर लुईस जोन्सही होता आणि त्यानेही गुणांचा रेकॉर्ड केला, म्हणजे वेल्सने गमावलेले दोघं एकाच दौऱ्यावर गेले म्हणा ना. विगनसाठी 488 सामन्यांत 478 ट्राय, म्हणजे जवळजवळ प्रत्येक मॅचला एक, तेही पंधरा वर्षं. सुरुवातीला नुसता वेग होता, नंतर अंग भरलं तसा तो लोकांना चुकवून जायच्या ऐवजी सरळ अंगावरून जायला लागला, आणि बचावातही त्याचा टॅकल बसला की समोरचा विंगर उरलेली मॅच चेंडू मागायला घाबरायचा असं जुने लोक सांगतात. ‘छोट्या गावच्या लीगमधले आकडे’ असं तुम्ही लिहिलंत, तर त्या ‘छोट्या’ खेळाच्या चॅलेंज कपची फायनल लंडनच्या वेम्बली स्टेडियमला व्हायची, आणि विगनने त्याच्या काळात 1958, 1959 आणि 1965 अशी तीनदा ती जिंकली.

सर झाला हे खरं, त्याचा मला तुमच्याइतकाच आनंद झाला. पण जून 2025 मध्ये झाला, नव्वदीत, विस्मरणाचा आजार जडल्यानंतर. रग्बी लीगच्या 130 वर्षांत हा मान मिळालेला तो पहिला खेळाडू. फुटबॉल, क्रिकेट, युनियन, सगळीकडे सर झाले, आणि खाणकामगारांच्या या खेळातल्या एकाही खेळाडूचं नाव तोवर कुणाला सुचलं नाही, तेव्हा माझ्या लेखातला मुद्दा त्या किताबाने खोडला जात नाही, उलट रंगाच्या जोडीला वर्गाचाही प्रश्न उभा राहतो. कार्डिफने 2023 मध्ये त्याचा, सुलिव्हनचा आणि कार्डिफहून लीगलाच गेलेल्या गस रिस्मनचा पुतळा उभारला, अनावरणाला बिली स्वतः हजर होता. तिथे त्या शहराने स्वतःच मान्य केलं की ही आपली पोरं होती, मग आपण इथे बसून ‘तसं काही नव्हतं’ कशाला म्हणायचं?

शेवटचा तुमचा प्रश्न, 796 ट्रायवाल्या ब्रायन बेव्हनवर का नाही लिहिलं. लिहिणार आहे. तो सिडनीचा, नौदलाच्या बोटीवरून इंग्लंडला आला, लीड्सने आणि हन्सलेटने घेतला नाही आणि वॉरिंग्टनने ठेवून घेतला, टक्कल पडलेला, हाडकुळा, गुडघ्यांना पट्ट्या बांधलेला माणूस, बघणाऱ्याला वाटायचं हा काय पळणार. बिलीचे एकूण 571 आणि बेव्हनचे 796, ब्रिटनमध्ये हे दोघंच सगळ्यात वर. तो लेख आला की आकड्यांवरून पुन्हा भांडा, मी तयार आहे.